दुसऱ्या रांगेतल्या दोन जागा

एथन, तारा,

आजोबांचं दफन तुम्ही फोनवर पाहिलंत. तुमच्याकडे तेव्हा सकाळ होती आणि ताराच्या अंगात शाळेचा गणवेश होता. कुणीतरी धरलेला फोन हलत होता, तरी ताराच्या लक्षात आलं. तिनं विचारलं, "आजी, आजोबांना त्या भिंतीपाशी का ठेवतायत? पणजोबा तर पुढे आहेत ना?" मी म्हटलं, नंतर सांगते.

त्याला पाच आठवडे झाले. मी सांगितलं नाही, कारण मी दमले होते. अजूनही दमलेलीच आहे. पण येत्या रविवारी आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीची सभा आहे, त्याआधी मला कबरस्थानाची जुनी फाईल त्यांच्याकडे द्यायची होती, आणि त्या फाईलमध्ये एक पत्र आहे. त्या पत्रावर एका माणसाची कबर तिथे राहणार की उखडली जाणार हे ठरणार होतं. तुमच्या बाबांना ती हलवून हवी आहे. का, ते पुढे येईलच.

हे सगळं आधी आजोबांना सांगायला हवं होतं, म्हणून इथून पुढे मी त्यांच्याशीच बोलते. तुम्ही शेजारी बसून ऐका.

*

अहो,

घर शांत आहे. लोक येतात, "सर चांगल्या ठिकाणी गेले" म्हणतात, मी हो म्हणते आणि चहा ठेवते. तुमच्या गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा रिकामा करायला मला तीन आठवडे लागले. पहिले दोन रविवार तर मी तो नेहमीसारखा भरूनही ठेवला. सवय वाईट. नीटनेटकेपणाची सवय त्याहून वाईट, असं तुम्ही म्हणाला असतात.

आपण फार भांडलो नाही, पण अर्धवट सोडलेली भांडणं पुष्कळ आहेत. त्यातलं एकच मला पुरं करायचं आहे.

कबरस्थानाची आखणी झाली तेव्हा तुमच्या आईवडिलांशेजारी, दुसऱ्या रांगेत, आपल्या दोघांच्या नावे दोन जागा राखल्या होत्या. खुंट्या ठोकून झाल्यावर तुम्ही तिथे उभे राहून लवळ्याच्या डोंगराकडे बघत म्हणालात, "सुनंदा, असा व्ह्यू हिंजवडीत चाळिसाव्या मजल्यावरही मिळायचा नाही. आणि शेजार कसा, सासू-सासरे!" मी तुम्हाला चारचौघांत असं बोलू नका म्हणून दटावलं होतं. मनातून मात्र मला बरं वाटलं होतं. उद्याचं काय ते ठरलेलं असलं की मला बरं वाटतं.

पुढे पुण्यातली कबरस्थानं भरली. आपल्या मंडळीत कधी पाऊल न ठेवलेली माणसं जागा मागायला येऊ लागली. म्हणून मी नियम लिहिला. मंडळीची सेक्रेटरी मीच होते. मृत माणूस ज्या मंडळीचा सभासद असेल तिथल्या पाळकांचं शिफारसपत्र आल्याखेरीज दफन होणार नाही. कमिटीनं एकमतानं मंजूर केला. तुम्हीही हात वर केला होतात.

सात वर्षांपूर्वी, ऐन ऑक्टोबरच्या उन्हात, भर दुपारी बिनोद दारात उभा राहिला. सोबत आणखी दोघं. उरवड्याच्या कारखान्यात काम करणारी, झारखंडची माणसं. नाताळात आपल्याकडे फराळाला आली होती, म्हणून तुम्ही त्यांना नावानं ओळखत होतात. मला फक्त चेहरे आठवत होते. त्यांच्या खोलीत राहणारा प्रकाश कुजूर सकाळी सरकारी दवाखान्यात वारला होता. कावीळ अंगावर काढली होती.

पाळकसाहेब तीन मंडळ्यांत वाटलेले, त्या आठवड्यात ते नाशिककडे. मग सगळे माझ्याकडेच बघू लागले. मी विचारलं, "त्यांच्या गावच्या चर्चचं पत्र आहे का?"

बिनोद म्हणाला, "मैडम, गाँव से चिट्ठी आने में पंद्रह दिन लगेगा. बॉडी को पंद्रह दिन कौन रखेगा?"

"फोनवर फोटो मागवा. तोही चालेल."

त्यांनी माझ्यासमोर तिथल्या पाळकांना चार वेळा फोन लावला. उचलला नाही. मी पाणी दिलं, बसायला खुर्च्या दिल्या, आणि पत्राशिवाय काही करता येणार नाही हे त्यांना अतिशय सभ्य हिंदीत समजावून सांगितलं. तुम्ही दारात उभे राहून ऐकत होतात. ते निघाले तसे चपला घालून त्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत गेलात.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी गणपत आला. कबरस्थानाला लागून त्याचं शेत, आणि आपल्या मंडळीतल्या प्रत्येकाची कबर त्यानंच खणलेली. म्हणाला, "बाई, गेटची चावी द्या. सरांच्या जागेत खांदायला लागायचंय."

मी म्हटलं, "कुणाच्या?"

"सरांच्या सोताच्या. त्यो उरवड्याचा गडी हाय ना, त्याच्यासाटी. मी इचारलं, सर, मग तुमी कुटं झोपणार? तर म्हनले, मला काय, कुटंबी झोप लागती, बाईंना इचार." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मी चावी दिली. गणपतसमोर मी तुम्हाला खाली पाहायला लावणार नव्हते.

तुम्ही आलात तेव्हा मी पोळ्या करत होते. घरच्या राखीव जागेत कुणाला ठेवायचं ते घरानं ठरवायचं, तिथं पत्र लागत नाही, हे तुम्ही माझ्याच नियमातून शोधून काढलं होतं. पाळकसाहेबांना फोन केलात, कमिटीतल्या तिघांच्या घरी जाऊन आलात. फक्त मला सांगितलं नाहीत.

"माझ्याशी बोलायचं तरी."

"बोललो असतो तर तू नियम वाचून दाखवला असतास, सेक्रेटरीबाई."

"नियमाला तुम्हीही हात वर केला होतात."

"केला होता. तेव्हा समोर कुणी मेलेलं नव्हतं." मग जरा नरम होऊन म्हणालात, "अगं, आपल्या प्रभूला तरी स्वतःची कबर कुठे होती? अरिमथाईच्या त्या श्रीमंत माणसानं स्वतःसाठी खोदलेली दिलीच ना?"

"प्रभू तिसऱ्या दिवशी उठला आणि त्या माणसाला जागा परत मिळाली. तुम्हाला मिळायची नाही."

तुम्ही खो खो हसलात. तिथेच थांबला असतात तर मीही हसले असते. पण तुम्ही पुढे म्हणालात, "आणि तो ज्याच्याकडे प्रेत मागायला गेला, त्या रोमी सुभेदारानंसुद्धा पत्र मागितलं नव्हतं."

ज्यानं प्रभूला क्रुसावर दिलं, त्या माणसाहून तुम्ही मला खाली बसवलंत. माझ्याच स्वयंपाकघरात. मी गॅस बंद केला आणि आत जाऊन पडले.

दफनाला मी आले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं, आणि ते खरंच दुखत होतं. कळलं ते असं, की मंडळीतली सहा माणसं होती, बाकी सगळे कारखान्यातले. पिरंगुटच्या शौकतभाईंनी दुकान बंद करून टेम्पो स्वतः चालवत आणला आणि पेटीला खांदाही दिला. संध्याकाळी मी नोंदवही उघडली. नाव, तारीख, दुसरी रांग. शिफारसपत्राच्या रकान्यात लिहिलं, 'नाही'. अक्षर छान आलं.

सुभेदारावरचं उत्तर मला त्याच संध्याकाळी सुचलं होतं. त्यानं शताधिपतीला, म्हणजे आपल्या सैन्यातल्या नायकाला, बोलावून प्रभू खरंच मेला का याची खात्री करून घेतली आणि मग प्रेत दिलं, म्हणजे चौकशी करणं हे काही पाप नव्हे. सात वर्षं हे उत्तर मी तोंडात धरून होते. आज ते तुम्हाला ऐकवलं, आणि ऐकवताना लक्षात येतंय की ते बरोबर आहे आणि त्याचा काही उपयोग नाही. सुभेदाराला उत्तर तिथल्या तिथे मिळालं. मला वेळेत मिळणार नव्हतं, आणि पत्र मागताना मला ते माहीत होतं.

बरोबर असण्याचाही एक शीण असतो हो. तो मी आयुष्यभर काढला.

*

आता पत्राचं.

दफनानंतर तीन आठवड्यांनी ते आलं. झारखंडहून, हिंदीत, सेक्रेटरीच्या नावे. त्यात होतं, दोन वर्षांपूर्वी प्रकाश कुजूर यांचं नाव सभासदांच्या यादीतून काढलेलं आहे. त्यांनी चर्चमध्ये विधी न करता संसार थाटला, समज देऊनही ते आले नाहीत. सबब मंडळी त्यांची कोणतीही शिफारस करू शकत नाही.

मी ते दोनदा वाचलं. मला आनंद झाला, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तुमची जागा तुम्ही अशा माणसाला दिली होतीत ज्याला त्याच्या स्वतःच्या मंडळीनंही नाकारलं होतं. मी पत्राला भोकं पाडली, फाईलमध्ये लावलं आणि योग्य दिवसाची वाट बघू लागले. तुम्ही खुशीत असाल, पुन्हा काही बोलाल, तेव्हा मी शांतपणे फाईल उघडून पुढे ठेवणार होते.

तो दिवस आला नाही. त्याआधी सुशांती आली.

कुजूरची बायको. दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून, बिनोदबरोबर, वर्षानं. नवऱ्याची कबर बघायला. तुम्ही तिला चार दिवस ठेवून घेतलंत. मी नाही म्हटलं नाही, पण मनापासून हो असंही म्हटलं नाही. ती रोज सकाळी कबरीपाशी जाऊन बसायची आणि परत आली की न सांगता माझे तांदूळ निवडायला घ्यायची. तिसऱ्या दिवशी तुम्ही ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होतात, ती सुपातले खडे काढत होती. मान वर न करता तिनं मला विचारलं, "मैडम जी, हमारे गाँव के पादरी से चिट्ठी आयी थी क्या?"

मी कपाटाकडे पाहिलं.

ती म्हणाली, "वहाँ सब बोलते थे, नाम कट गया है, कोई चर्च मिट्टी नहीं देगा. मैं पूरा साल यही सोचती रही, किसने मिट्टी दी होगी. दी भी होगी कि नहीं."

वर्षभर त्या बाईनं हा घोर लावून घेतला होता. तिला भीती वाटत होती ती ज्या पत्राची, ते तिच्यापासून दहा पावलांवर, कपाटाच्या दुसऱ्या फळीवर होतं. मी आयुष्यात कागदावर खोटं लिहिलेलं नाही, बोललेही क्वचितच. मी म्हटलं, "आई थी. सब ठीक लिखा है."

तिनं सूप खाली ठेवलं आणि पदरानं तोंड झाकलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. शेंगा सोलत राहिलात. मग म्हणालात, "सुनंदा, तिघांना चहा टाकतेस का?" वर्षभर आपण एकमेकांशी जपून बोलत होतो. त्या दिवसापासून ते जपणं थांबलं.

ते खोटं मी प्रार्थनेत कितीदा तरी पुढे ठेवलं. क्षमा मागावी की न मागावी हेच मला ठरवता आलं नाही. त्या दिवशी मी काय केलं याला तुमच्याकडे कदाचित शब्द होता. मी तुम्हाला विचारलं नाही, कारण मग पत्र दाखवावं लागलं असतं.

आणि एक गोष्ट. पोस्टमन पाकिटं फाटकाशी तुमच्याच हातात देत असे. ते पाकीटही तुम्हीच माझ्या टेबलावर ठेवलं असणार, झारखंडच्या शिक्क्यासकट. पत्र आलं का, त्यात काय आहे, असं तुम्ही सात वर्षांत एकदाही विचारलं नाहीत. तुम्हाला माहीत होतं का हो? माझ्या हातात काय आहे ते जाणून तुम्ही वाट बघत होतात का, की मी ते वापरते की नाही? हे आता मला कळणार नाही. तुम्ही गेल्याचं दुःख एका बाजूला, आणि हे न कळणं दुसऱ्या बाजूला.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात सांगायचं ठरवलं होतं. तुम्ही डोळे मिटून पडला होतात. मी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "सूप आणू का?" तुम्ही म्हणालात, "गणपतला विचारलं मी. भिंतीपाशी माती मऊ आहे म्हणतो. त्याला त्रास नको." एवढंच. शेजारी सगळा कातळ आहे, तिथे दुसरी कबर बसत नाही, हे मात्र सांगितलं नाहीत. ते मला खणताना कळलं. गणपतनं पहार मारून दाखवली. "बाई, हितं माती लई तर हातभर. फुडं दगूड वाजतोय बगा."

म्हणजे मी तुमच्या शेजारी येऊ शकत नाही. माझी जागा दुसऱ्या रांगेत, कुजूरच्या शेजारी.

इथे ते राहून गेलेलं सांगते. त्या दुपारी मी नियमाचं बोलत होते. मला म्हणायचं होतं ते निराळं होतं. मला तुमच्या शेजारी राहायचं होतं, आणि तुम्ही मला न विचारता ते देऊन टाकलंत. जागा तुमची होती, मान्य. पण शेजार दोघांचा होता. दया करताना तुम्ही नेहमी असेच भरधाव निघायचात आणि मागे मी किल्ल्या शोधत राहायचे. याचा राग मला अजून आहे. तुमच्या चांगुलपणावर माझा राग आहे, हे कुणाला सांगू?

*

अविनाशचा, या मुलांच्या बाबांचा, फोन गेल्या आठवड्यात आला. त्याचा हेतू वाईट नाही. म्हणाला, "आई, आम्ही इतक्या लांब. निदान तुम्ही दोघं तरी एकत्र असावं. त्या माणसाच्या अस्थी भिंतीकडे नेता येतील, ती जागा परत आपल्या नावे होईल, आणि काही वर्षांनी बाबांना तिथं आणता येईल. मी विनयशी बोललोय." विनय म्हणजे आताचा सेक्रेटरी, हिंजवडीत नोकरी करतो, भला माणूस. नियमाप्रमाणे कुठल्याच मंडळीचा सभासद नसलेल्याची कबर, ज्या घराची जागा त्या घरच्यांच्या मागणीवरून हलवता येते. फक्त तो सभासद नव्हता याचा कागद हवा.

कागद माझ्याकडे आहे. तुम्हाला परत माझ्या शेजारी आणणारा तो एकच कागद. दोन रात्री मी नीट झोपले नाही. तुम्हाला वाटेल मी कुजूरचा विचार करत होते. नाही, मी माझाच करत होते.

मग दिवसाउजेडी, काठी घेऊन, कबरस्थानात गेले. उन्हात बसवत नाही आता. दुसऱ्या रांगेत माझ्या मोकळ्या जागेवर गवत होतं, आणि कुजूरच्या कबरीवर कुणीतरी आठवड्याभरातच गवत काढून पांढरे गोटे नीट लावलेले होते. ही कबर उखडली तर एक दिवस सुशांतीला ते कळेल. दोन दिवसांचा प्रवास करून ती पुन्हा येईल, आणि मी असले तर मलाच विचारेल.

पत्र फाईलमधून काढून टाकण्याचा विचार मनात आला होता. जमलं नाही. ते आहे तिथे राहू दिलं. त्याच्यामागे मी माझा एक कागद लावला, असा: हे पत्र आलं तेव्हा मी ते कमिटीपुढे ठेवलं नाही. त्यातल्या मजकुराबद्दल मयताच्या पत्नीशी मी खोटं बोलले. ती जागा माझ्या यजमानांनी दिली, ती आमच्या घराला परत नको आहे, आणि घरातर्फे तशी मागणी कुणीही करू नये. खाली सही केली.

विनय फाईल न्यायला आला, उभ्या उभ्याच वाचली. "काकू, खोटं बोललात हे कशाला लिहिलंत? कुणी विचारलं नव्हतं."

"म्हणूनच लिहिलं."

"आणि नियमाचं काय करायचं?"

"राहू दे. एक ओळ घाल. पत्र मागवावे, त्यासाठी दफन थांबवू नये."

तो ते मोबाईलमध्ये टिपून घेऊ लागला. मी म्हटलं, कागदावर लिही.

अविनाशला मी स्वतः फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, म्हणजे तू त्या परक्याच्या शेजारी?"

"हो. शेजारी म्हणून बरा आहे. अजून तरी त्यानं माझ्याकडे पत्र मागितलेलं नाही."

तो हसला, आणि मग रडला. तुमच्यासारखंच, दोन्ही एका दमात. मला वाटतं त्याला पटलं नाही. पटायला वेळ लागतो. मला सात वर्षं लागली, आणि अजूनही सगळं पटलेलं नाही.

तुमचे आभार मानावेत असं लिहायला बसताना ठरवलं होतं. ते मी तोंडानं कधी मानले नाहीत. तुमच्यामुळे मी एकदा खोटं बोलले, आणि माझ्या सगळ्या खऱ्या बोलण्यांपेक्षा ते मला जास्त आठवतं. याला आभार म्हणत असतील तर ते घ्या. आता मला पडायचं आहे. गुडघे दुखतात.

*

मुलांनो, उरलंय ते एवढं. आजोबा भिंतीपाशी आहेत. प्रकाश कुजूर दुसऱ्या रांगेत आहे आणि तिथेच राहील. दोघांच्या मध्ये बावीस पावलं आहेत, माझी, काठीसकट. त्या दफनानंतर उरवड्याहून जी माणसं रविवारी उपासनेला येऊ लागली, त्यांतली चार अजून येतात.